तीन स्प्रेंपैकी तुमच्या नाकाला कोणता लागू पडतो, हे पारखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानेवाड्यात राहणारे ३८ वर्षांचे गृहस्थ, नोकरी बुटीबोरीला. दिवाळीच्या साफसफाईपासून सकाळच्या शिंका सुरू होतात, नाक चोंदतं आणि ते मार्चपर्यंत तसंच राहतं. एप्रिलमध्ये कूलर लागला की पुन्हा तेच. घरात तीन स्प्रे जमले आहेत: झायलोमेटॅझोलिन, मोमेटासोन आणि अ‍ॅझेलास्टिन. प्रत्येक त्यांनी तीन-तीन दिवस वापरून पाहिला. ते लिहितात, "पहिल्याने दोन मिनिटांत नाक सुटलं. मोमेटासोनने काहीच केलं नाही, तिसऱ्याने तोंड कडू झालं. मग पहिलाच कायम का वापरू नये? आणि संशोधक हे स्प्रे तपासतात तरी कसे?"

भाऊ, तुम्ही स्वतः तुलना करून पाहिलीत आणि मग विचारलंत, हे मला आवडलं. बहुतेक जण मेडिकलमधून बाटली आणतात, दोन दिवस मारतात आणि "काही फरक नाही" म्हणून कपाटात ठेवून देतात. नागपुरात कान-नाक-घशाचे रुग्ण पाहताना वीसेक वर्षं मी हेच ऐकत आलो आहे. तुमच्या चाचणीत एक मोठी चूक झाली. तीन वेगळ्या जातीच्या औषधांना तुम्ही एकच मुदत दिलीत. तीन दिवसांत झायलोमेटॅझोलिन दर वेळी पहिलं येणार. तीन आठवड्यांनी तेच औषध तुमचं नाक आधीपेक्षा जास्त बंद करून ठेवणार.

नाक चोंदतं म्हणजे काय होतं, ते आधी सांगतो. नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मांसल वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. सर्वांत खालची सर्वांत मोठी. तिच्या अस्तराखाली रक्ताच्या बारीक पोकळ्यांचं जाळं असतं. त्यांत रक्त भरलं की वळकटी फुगते आणि हवेची वाट अरुंद होते, रक्त ओसरलं की वाट मोकळी. पुष्कळांना वाटतं की चोंदलेलं नाक शेंबडाने भरलेलं आहे. म्हणून ते जोरजोरात शिंकरत राहतात, बाहेर काहीच येत नाही, आणि शिंकरून शिंकरून सूज मात्र वाढते. "नाकाचं हाड वाढलंय" असं ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं हाड जागच्या जागी असतं, फुगलेली असते ती ही वळकटी.

अ‍ॅलर्जीत हे दोन टप्प्यांत घडतं. धूळ, परागकण किंवा बुरशीचे कण अस्तराला लागले की तिथल्या मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. खाज, शिंका आणि नळासारखं पाणी हे मुख्यतः त्याचं काम. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. रक्तातल्या दाहाच्या पेशी अस्तरात उतरतात आणि सूज धरून ठेवतात. सकाळी माळा झाडला आणि संध्याकाळी नाक गच्च झालं, हा अनुभव तुम्हाला असेलच. "डॉक्टर, गोळीनं शिंका थांबल्या, पण नाक काहून सुटत नाही?" हा प्रश्न मला आठवड्यातून पाच-सहा वेळा तरी येतो. सेटिरिझिनसारख्या गोळ्या हिस्टामिनला अडवतात. चोंदण्यामागे हिस्टामिनचा वाटा थोडा आणि त्या दुसऱ्या लाटेचा जास्त, म्हणून गोळी तिथे कमी पडते.

आता तुमचे तीन स्प्रे.

झायलोमेटॅझोलिन त्या रक्ताच्या पोकळ्या आवळतं. मूळ अ‍ॅलर्जीला ते हातही लावत नाही, फक्त नळ पिळून बंद करतं. म्हणून दोन-पाच मिनिटांत नाक उघडतं आणि काही तास उघडं राहतं. ऑक्सिमेटॅझोलिन त्याचंच भावंड. रोज वापरत राहिलं की रक्तवाहिन्यांना त्याची सवय होते. आधी आठ तास टिकणारा फवारा पाच तास टिकतो, मग तीन, आणि असर उतरला की नाक पूर्वीपेक्षा जास्त फुगतं. म्हणून सलग तीन ते पाच दिवस, त्यापुढे नाही, असं मी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून देतो. गांधीबागेतले एक कापडाचे व्यापारी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात एक बाटली होती, गल्ल्यात एक आणि उशीखाली एक. सहा वर्षं. त्यांची अ‍ॅलर्जी कधीच मागे पडली होती, नाक बंद होत होतं ते स्प्रेमुळेच. आम्ही आधी स्टिरॉइडचा स्प्रे दोन्ही नाकपुड्यांत सुरू केला आणि जुना स्प्रे एका नाकपुडीत पूर्ण थांबवला. ती नाकपुडी सुधारल्यावर दुसरीत थांबवला. पहिल्या चार रात्री ते उशांना टेकून बसूनच झोपले. पाचेक आठवडे गेले, पण ते सुटले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे. ज्यांना रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी, आणि लहान मुलांच्या बाबतीत कुणीही, हा स्प्रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरूच नये.

मोमेटासोन हा स्टिरॉइड स्प्रे. फ्लुटिकासोन आणि ब्युडेसोनाइड त्याच घराण्यातले. हा त्या दुसऱ्या लाटेवर काम करतो, पेशींना दाहाची रसायनं बनवण्यापासूनच रोखतो. पहिल्या बारा तासांत थोडा फरक जाणवू शकतो, पण पूर्ण असर यायला एक ते दोन आठवडे रोज न चुकता मारावा लागतो. तुम्ही तिसऱ्या दिवशी त्याला नापास केलंत. गव्हाचं शेत पेरून चौथ्या दिवशी ओंबी शोधावी, तसं झालं. स्टिरॉइड या शब्दाने लोक घाबरतात, आणि पोटातून घ्यायच्या गोळ्यांच्या बाबतीत ती भीती रास्तच आहे. नाकातल्या स्प्रेचं गणित वेगळं. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. मोमेटासोनच्या बाबतीत त्यातलं एक टक्क्याहून कमी रक्तात पोचतं. १९७३ साली निल्स मिगिंड या डॅनिश डॉक्टरांनी परागज्वरासाठी बेक्लोमेथासोनचा नाकातला फवारा वापरून त्याचे निष्कर्ष छापले, तेव्हापासून पन्नास वर्षं हे औषधघराणं वापरात आहे. लहान मुलांना महिनोन्‌महिने द्यायचा असेल तर आम्ही उंची मोजत राहतो, एवढी काळजी घ्यावी लागते.

अ‍ॅझेलास्टिन हे हिस्टामिनविरोधी औषध थेट नाकात. असर पंधरा मिनिटांत सुरू होतो, गोळीपेक्षा चोंदण्यावर चांगला. कडू लागतं हे खरं, आणि काहींना थोडी झोप येते. पण कडूपणा बहुतेक वेळा फवारा मारण्याच्या पद्धतीमुळे वाढतो, त्याकडे पुढे येतो. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन एकट्याने पुरत नसेल तर अ‍ॅझेलास्टिन जोडीला देतात, दोन्ही एकाच बाटलीत असलेले स्प्रेही मिळतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, संशोधक कसे तपासतात. मला स्वतःला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण घरच्या परीक्षेत होणाऱ्या सगळ्या चुका टाळण्यासाठीच त्या पद्धती घडल्या आहेत.

नाक हे मोजायला फसवं इंद्रिय आहे. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या उघड्या नसतात. काही तास डावी मोकळी, उजवी किंचित बंद, मग उलट. योगाभ्यास करणारे चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणतात ते हेच. युरोपात कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. शिवाय ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूची नाकपुडी खालच्या अंगाला असल्याने चोंदते. तेव्हा रात्री दहा वाजता उजवी बंद होती, स्प्रे मारला, अकराला उघडली, हे श्रेय स्प्रेचं की नाकाच्या पाळीचं हे एका वेळेच्या अनुभवावरून कळत नाही. अनेक दिवसांची सरासरीच लागते.

म्हणून चाचण्यांमध्ये रुग्ण रोज सकाळ-संध्याकाळ चार गोष्टींना गुण देतो: चोंदणं, पाणी गळणं, खाज, शिंका. प्रत्येकाला शून्य ते तीन. शून्य म्हणजे त्रास नाही, एक म्हणजे आहे पण लक्षात राहत नाही, दोन म्हणजे छळतो पण सहन होतो, तीन म्हणजे काम किंवा झोप बिघडते. बेरीज जास्तीत जास्त बारा. औषध सुरू करण्याआधी काही दिवस नुसतेच गुण लिहायला लावतात, म्हणजे कुठून सुरुवात झाली हे पक्कं होतं. ऋतूनुसार येणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी साधारण दोन आठवडे आणि बारमाहीसाठी चार आठवडे औषध चालवतात. अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना तशाच बाटलीत औषध नसलेला द्राव, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नसतं, तपासणाऱ्यालाही नाही. यातली मेख अशी की नाकाच्या बाबतीत तो नुसता द्रावही थोडा आराम देतो. अस्तर ओलं होतं, चिकटलेले कण धुतले जातात. त्यामुळे औषधाला त्याहून वरचढ ठरून दाखवावं लागतं.

काही ठिकाणी तर माणसांना खोलीत बसवून ठरावीक प्रमाणात परागकण हवेत सोडतात आणि स्प्रे किती मिनिटांत काम सुरू करतो ते मोजतात. व्हिएन्नात अशी खोली आहे, कॅनडात किंग्स्टनलाही आहे. किंग्स्टनची खोली रॅगवीड या तणाच्या परागासाठी प्रसिद्ध आहे. आपलं गाजरगवत त्याच कुळातलं. १९५०च्या दशकात पुण्याजवळ दिसलं आणि देशभर पसरलं. आज मानेवाडा रिंगरोडच्या रिकाम्या प्लॉटांवर कंबरेएवढं उभं असतं, तुम्ही रोज त्याच्या शेजारून जात असाल.

गुणांच्या जोडीला यंत्रंही आहेत. तोंडावर मास्क, त्याला नळी, नळीत सरकणारा काटा. तोंड मिटून नाकाने जोरात श्वास ओढायचा की मिनिटाला किती लिटर हवा आत आली ते दिसतं. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा धरतात. ऱ्हायनोमॅनोमेट्री, म्हणजे नाकात हवेला किती अडथळा होतो याचं यंत्राने मोजमाप, याहून सूक्ष्म. पण यंत्राचा आकडा आणि माणसाची जाणीव नेहमी जुळत नाही. मेन्थॉलचं उदाहरण घ्या. बाम हुंगला की नाक एकदम उघडल्यासारखं वाटतं. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या रॉन एकल्स यांच्या गटाने मोजून दाखवलं की मेन्थॉलने हवेची वाट जराही रुंद होत नाही, थंडाव्याच्या मज्जातंतूंना गुदगुल्या होतात आणि मेंदूला ती मोकळी हवा वाटते. म्हणून परीक्षेच्या काळात बाम, इन्हेलर, निलगिरीची वाफ सगळं बंद ठेवा, नाहीतर गुण कुणाला दिले हेच कळणार नाही.

नीट परीक्षा घेतली नाही तर काय होतं ते सर्दीच्या गोळ्यांतल्या फेनिलेफ्रिनवरून पाहा. पोटातून घेतलं की त्यातलं बहुतेक आतडं आणि यकृतातच नष्ट होतं. कित्येक दशकं ते जगभर विकलं गेलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की नेहमीच्या डोसमध्ये ही गोळी नाक मोकळं करत नाही. नाकात थेट टाकलेल्या थेंबांबद्दल तो निर्णय नव्हता. आपल्याकडच्या अनेक सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव आजही दिसेल.

आता नागपूर. इथे परीक्षा घ्यायची तर ऋतू बघून घ्या. समजा तुम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात स्प्रे सुरू केला आणि पंधरा तारखेला पाऊस लागला. धूळ बसली, हवेतला पराग धुतला गेला, कूलर माळ्यावर गेला आणि नाक सुटलं. श्रेय स्प्रेला. उलट दिवाळीच्या आठवड्यात सुरू केलात तर झाडझूड, रंग आणि फटाक्यांच्या धुरात चांगलं औषधही नापास होईल. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर हा तुमच्यासाठी बरा काळ, कारण त्रास स्थिर असतो. त्या महिन्यात बाहेरगावी लग्नं किती आहेत तेही पाहून घ्या.

कूलरबद्दल थोडं जास्तच लिहितो, कारण एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे कूलरसमोर झोपणारे असतात. जुन्या ताट्यांमध्ये वर्षभराची धूळ आणि बुरशी असते. पहिल्या दिवशी पंखा लावला की ती थेट तोंडावर येते. टाकीतलं पाणी आठवडाभर तेच राहिलं की आणखी भर. ओलावा वाढला की गादीतले धुळीचे किडेही वाढतात. तेव्हा दर वर्षी ताट्या नव्या, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी, आणि झोत डोक्यावरून जाईल असा. हे न करता स्प्रे पारखणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. दुसरीकडे, पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या झळांत दिवसभर दुचाकी चालवणाऱ्यांचं नाक सुकतं, आत खपल्या धरतात आणि नाक बंद वाटतं. तिथे सूज नसते, कोरडेपणा असतो. त्यांना औषधी स्प्रेपेक्षा खारट पाण्याचा फवारा आणि डोक्याला दुपट्टा जास्त उपयोगी पडतो.

संत्र्याच्या मोहोराला मात्र दोष देऊ नका. काटोल-वरूडकडचे बरेच रुग्ण आंबिया बहाराच्या वेळी त्रास होतो म्हणून संत्र्यावर बोट ठेवतात. संत्र्याचा पराग जड, चिकट, मधमाशीने वाहायचा, हवेत तो फारसा तरंगत नाही. त्याच दिवसांत वाऱ्यावर पराग सोडणारे वावळासारखे वृक्ष आणि गवतं कुणाच्या नजरेत येत नाहीत. कळमन्याच्या मिरची बाजारात काम करणाऱ्यांच्या शिंकाही बहुधा अ‍ॅलर्जीच्या नसतात, ती तिखटाची झोंब असते. तिथे गोळ्या फारशा चालत नाहीत, अ‍ॅझेलास्टिनचा स्प्रे मात्र कधी कधी चांगला चालतो.

तर तुमची परीक्षा अशी घ्या. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत असेलच. त्याच्या रोजच्या चौकोनात सकाळचे आणि रात्रीचे गुण लिहायचे, वर सांगितलेल्या चार गोष्टींचे, बारापैकी. पहिला आठवडा कुठलाही औषधी स्प्रे नाही, हवं तर दोन वेळा खारट पाणी. झायलोमेटॅझोलिन तुम्ही महिनोन्‌महिने वापरलं असेल तर मात्र आधी ते सुटायला हवं, त्यासाठी डॉक्टरांकडे जा, नाहीतर पहिल्या आठवड्याचे गुण खोटे येतील. बाकी गोळ्या चालू असतील तर त्या आहेत तशाच, महिनाभर त्यात बदल नको. दुसऱ्या आठवड्यापासून मोमेटासोन, रोज एकाच वेळी, सलग तीन आठवडे. नाक मोकळं वाटलं म्हणून सोडायचा नाही आणि बंद वाटलं म्हणून जास्त मारायचा नाही. शेवटच्या सात दिवसांची सरासरी पहिल्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. आठाचे सात झाले तर मी तो फरक धरत नाही. आठाचे चार किंवा तीन झाले तर औषध लागू पडलं. शंका राहिली तर एक आठवडा थांबवा. गुण हळूहळू वर चढले तर उत्तर मिळालं.

मोमेटासोनने सहाच्या आसपास अडकलात तर डॉक्टरांना विचारून त्याच्या जोडीला अ‍ॅझेलास्टिन, आणि पुन्हा दोन आठवडे गुण. एकाच दिवशी दोन्ही नव्याने सुरू करू नका, मग कुणामुळे काय झालं ते सांगता येत नाही. घरच्यांनाही विचारा. घोरणं कमी झालं का, रात्री तोंड उघडं असतं का, हे तुमच्यापेक्षा तुमच्या पत्नीला जास्त ठाऊक असतं, आणि तिचं निरीक्षण मी रुग्णाच्या गुणांइतकंच मानतो.

हवेची वाट खरंच उघडली का हे बघायला एक जुनी युक्ती आहे. स्टीलची छोटी ताटली पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पुसून नाकाखाली आडवी धरा आणि नेहमीसारखा श्वास सोडा. दोन्ही नाकपुड्यांखाली वाफेचे डाग उमटतात. डाग किती मोठे, दोन्ही सारखे का, हे आठवड्यातून तीन-चारदा वेगवेगळ्या वेळी बघून टिपून ठेवा. एक बाजू कायमच कोरी असेल तर दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा आहे का ते तपासून घ्यावं. आणखी एक: आरशासमोर गालाची त्वचा बोटाने नाकाच्या बाजूने बाहेर ओढा. त्याने श्वास एकदम मोकळा होत असेल तर अडथळा नाकाच्या दाराशी, रचनेत असू शकतो. त्याला कुठलाही स्प्रे पुरा पडणार नाही.

आता फवारा मारण्याची पद्धत. यात मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीची काही वर्षं मी चिठ्ठीवर स्प्रेचं नाव लिहून रुग्णाला पाठवत असे. बँकेत काम करणारे एक गृहस्थ तीन आठवड्यांनी नाकातून रक्त येतं म्हणून आले. मी औषध बदललं. पुन्हा रक्त. तिसऱ्या वेळी त्यांना माझ्यासमोर फवारा मारायला सांगितलं. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक सरळ मधल्या पडद्याकडे, डोकं मागे टाकून. रोज एकाच जागी पडद्यावर मारा होत होता. दोष औषधाचा नव्हता, मी दाखवलं नव्हतं याचा होता. तेव्हापासून टेबलावर खारट पाण्याची बाटली ठेवली आहे आणि प्रत्येक नवा रुग्ण ती वापरून दाखवल्याशिवाय उठत नाही.

पद्धत अशी. आधी हलकेच नाक शिंकरा. नाकात फार चिकटपणा असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधी खारट पाणी. बाटली हलवा, मोमेटासोन तळाशी बसतं. नवी बाटली असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर धूर येईपर्यंत हवेत दाबा. मान किंचित खाली, चपलांकडे बघतो तशी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या डोळ्याच्या कडेकडे वळतं. दाबताना श्वास मोगरा हुंगावा तितकाच हळू घ्या. जोरात ओढलंत तर औषध थेट घशात जातं, आणि तुमच्या तोंडाला आलेला कडूपणा मला तिथूनच आलेला दिसतो. नंतर दहा मिनिटं शिंकरू नका. बाटलीवर १२० फवारे लिहिलं असेल तर तेवढेच धरा, त्यानंतर आत द्राव दिसला तरी प्रत्येक फवाऱ्यात औषध पुरतं येईलच असं नाही. दिवसाला चार फवारे म्हणजे बरोबर एक महिना.

खारट पाणी घरी करायचं तर एक लिटरला ९ ग्रॅम साधं मीठ. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं किंवा विहिरीचं तसंच नाही. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कच्च्या पाण्यातून नाकात गेला तर मेंदूपर्यंत पोचू शकतो. असे रुग्ण अत्यंत विरळ, पण बहुतेक दगावतात. जलनेती करणाऱ्यांनाही माझी हीच विनंती असते.

काही लक्षणं असतील तर ही परीक्षा घेतच बसू नका. कायम एकाच बाजूचं नाक बंद राहणं, त्याच बाजूने रक्त किंवा घाण वासाचा स्राव, वास येणं बंद होणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर वाटणं, छातीत घरघर. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर बहुतेक वेळा आत मणी, खडू, रबराचा तुकडा असं काहीतरी अडकलेलं असतं, आणि तिथे स्प्रेचं कामच नाही. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा, स्टिरॉइड स्प्रेंपैकी ब्युडेसोनाइडचा अनुभव तिथे सर्वांत जास्त आहे.

तुमची पहिली बाटली फेकू नका. कडक सर्दीत दोन-तीन रात्री झोपायला, किंवा विमानाने जाताना कान दुखतात म्हणून, ती कामाची आहे. फक्त उशाशी ठेवू नका, अर्ध्या झोपेत हात आपोआप तिच्याकडे जातो. आणि महिन्याने तुमच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा कालनिर्णयचं ते पान, तिन्ही बाटल्या आणि ज्या हाताने ज्या नाकपुडीत मारता ते दाखवायची तयारी, एवढं बरोबर न्या.